अक्षराची किल्ली

१९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले. तेथील काळ्यांचे साहित्य आणि त्यांचा विद्रोह यांची चर्चा आपल्याकडे होत आली आहे. परंतु त्यांच्या लढ्याची एक बाजू आपण फारशी पाहिली नाही. लहान मुलाला वाचायला कसे शिकवावे, हा तो वाद. वरवर तो शिक्षणशास्त्राचा दिसतो; मुळात तो सत्तेचा प्रश्न आहे.

साउथ कॅरोलिनाने १७४० साली गुलामांना लिहायला शिकविणे दंडनीय ठरविले. १८३४ साली वाचायला शिकविण्यावरही बंदी आली. बाल्टिमोरमध्ये फ्रेडरिक डग्लस ज्या घरी गुलाम म्हणून राबत होता, त्या घरच्या बाईने त्याला मुळाक्षरे आणि तीनचार अक्षरी शब्द शिकविले. नवऱ्याला कळताच त्याने ते बंद पाडले. पुढचे धडे डग्लसने रस्त्यावरच्या गोऱ्या पोरांना पाव देऊन घेतले. जहाजाच्या लाकडांवर सुतारांनी घातलेली अक्षरे पाहून तो लिहायला शिकला. हे सारे त्याने १८४५ च्या आत्मचरित्रात सांगितले आहे.

पुढे कायदे गेले, तरी किल्ली सर्वांच्या हाती आली नाही. विसाव्या शतकात अमेरिकन शाळांत संपूर्ण शब्द चित्रासारखा ओळखायला लावण्याची पद्धत रूढ झाली. कोणत्या अक्षराचा कोणता ध्वनी, हे मुलाने बहुतांशी आपले आपण ताडायचे. जीन चॉल यांनी १९६७ साली तोवरच्या संशोधनाची छाननी करून दाखविले की, आरंभीच ध्वनी आणि अक्षर यांचा संबंध पद्धतशीर शिकविला, म्हणजेच फोनिक्सचा मार्ग धरला, तर मुले अधिक चांगली वाचतात.

याच सुमारास गरीब मुलांसाठी ‘फॉलो थ्रू’ ही सरकारी योजना सुरू झाली. तीत सीगफ्रीड एंगलमन आणि वेस्ली बेकर यांची ‘थेट अध्यापन’ पद्धत होती. शिक्षक ध्वनी उच्चारून दाखवी, मुले एकत्र म्हणत, मग एकेकटी म्हणत. चूक तेथल्या तेथे दुरुस्त होई आणि पायरी पक्की झाल्यावाचून पुढची येत नसे. १९७७ च्या मूल्यमापनात मूलभूत कौशल्यांत ही पद्धत सर्वांत पुढे दिसली. १९७८ साली त्या मूल्यमापनावर आक्षेपही घेतले गेले. पुष्कळ सुधारणावाद्यांना तर ही पद्धत म्हणजे निव्वळ कवायत वाटली.

तथापि या पद्धतीमागच्या एका गृहीतावरची टीका आपण विसरता कामा नये. कार्ल बेरायटर आणि एंगलमन यांनी गरीब काळ्या मुलांच्या भाषेतच उणीव पाहिली होती. विल्यम लबॉव यांनी १९६९ साली त्याचे खंडन केले : काळ्यांच्या बोलीला तिचे स्वतःचे नियम आहेत, तिचे तर्कशास्त्र शाबूत आहे. म्हणजे अक्षर उघड शिकविणे एक आणि मुलाच्या घरच्या बोलीला हीन लेखणे दुसरे. ही गल्लत प्रस्थापितांच्या सोयीची असते.

लिसा डेल्पिट या कृष्णवर्णीय शिक्षिकेने १९८६ आणि १९८८ च्या लेखांतून हाच धागा पुढे नेला. सत्तेच्या व्यवहाराचे नियम असतात. ज्यांच्या घरी ते नसतात, त्यांना ते स्पष्ट शब्दांत सांगावे लागतात, असे त्यांचे म्हणणे. त्याच वेळी मुलाची बोली आणि संस्कृती यांचा मानही त्यांनी सोडला नाही.

पहिल्या पिढीचा पदवीधर म्हणून मला हे पटते. ज्या घरात पुस्तकांची फडताळे असतात, तेथले मूल शाळेत येण्यापूर्वीच निम्मे वाचायला शिकलेले असते. ‘मूल आपोआप शिकेल’ हे तत्त्व त्याला परवडते. वस्तीतल्या मुलाच्या बाबतीत तेच तत्त्व शिक्षकाची जबाबदारी झटकण्याचे साधन बनते. आपल्याकडे बाराखडी आहे. पण ती नुसती गाऊन घेतली आणि ‘क’ला काना दिला की कोणता ध्वनी होतो हे हात धरून दाखविले नाही, तर तीही मंत्रासारखीच राहते. मंत्र आपल्यापासून लपवून ठेवले गेले, हा इतिहास आहे. अक्षर तरी उघडे करून शिकवा, ही मागणी म्हणूनच समतेची मागणी आहे.