‘अटेस्ट’ म्हणजे नेमकं काय? साक्ष, मोर्तब आणि घरातले जुने कागद

बडोदा, इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, गोवा, कुठल्याही जुन्या मराठी घरात एखादी पत्र्याची पेटी असतेच. तीत गहाणखत, बक्षीसपत्र, मृत्युपत्र, वाटणीपत्र असे काही कागद निघतात. आपण लगेच शेवटच्या पानावर जातो, कारण ओळखीची नावं तिथे असतात. आणि घोटाळाही बहुतेक तिथेच होतो. साक्षीदाराला कोणी वाटेकरी समजतं, कोणी जामीन समजतं, तर नकलेवरच्या साहेबाच्या सहीवरून कोणी मजकूरच सरकारने खरा ठरवला असं धरून चालतं. या दोन्ही सह्यांना आज आपण सर्रास एकच शब्द लावतो, ‘अटेस्टेड’. म्हणून या शब्दाचाच थोडा मागोवा घेऊ.

‘अटेस्ट’ हे क्रियापद इंग्रजीत आलं फ्रेंचमधून, आणि त्याचं मूळ लॅटिन. ‘टेस्टिस’ म्हणजे साक्षीदार. टेस्टामेंट, टेस्टिमनी, प्रोटेस्ट, कॉन्टेस्ट ही सगळी त्याचीच भावंडं. ‘टेस्टिस’ची फोड भाषाशास्त्रज्ञ ‘तिसरा उभा असलेला’ अशी करतात. म्हणजे व्यवहार दोघांचा, आणि शेजारी उभा राहून पाहणारा तिसरा. आपला ‘साक्षी’ शब्द मात्र डोळ्यावरून आला आहे. पाणिनीने सूत्रच दिलं आहे की साक्षात पाहणारा तो साक्षी. एका भाषेने साक्षीदाराचं उभं राहणं धरलं, दुसरीने त्याचं पाहणं. हा फरक वरवर शब्दांचा दिसतो, पण पुढे याच मुद्द्यावर कोर्टात वाद झाले.

इंग्लंडमध्ये १६७७ च्या ‘स्टॅट्यूट ऑफ फ्रॉड्स’ने जमिनीच्या मृत्युपत्रावर निदान तीन विश्वासू साक्षीदारांच्या सह्या हव्यात असं ठरवलं. १८३७ च्या ‘विल्स ॲक्ट’ने ती संख्या दोनवर आणली. हिंदुस्थानात १८७२ चा पुराव्याचा कायदा आणि १८८२ चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा आला, आणि गहाणखत, बक्षीसपत्र अशा दस्तांना ‘अटेस्टेशन’ लागू झालं. पण अटेस्ट करणं म्हणजे काय, हे १८८२ च्या कायद्यात लिहिलंच नव्हतं! दस्त करून देणाऱ्याने सही करताना साक्षीदाराने ती प्रत्यक्ष पाहायला हवी, की ‘ही सही माझीच’ असं त्याने नंतर सांगितलं तरी चालेल, यावर हायकोर्टांची मतं जुळेनात.

१९१२ साली मद्रासकडच्या शामू पट्टर विरुद्ध अब्दुल कादिर रावुत्तन या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने निकाल दिला की सही होताना पाहायलाच हवी. म्हणजे ‘साक्षी’चा डोळ्याचा अर्थ जिंकला म्हणायचं. पण लोकांची रीत वेगळी होती. घरधनी घरात सही करायचा, साक्षीदार बाहेर ओसरीवर बसलेले, कागद मग त्यांच्यापुढे यायचा. असे कितीतरी दस्त या निकालाने अडचणीत आले. शेवटी १९२६ मध्ये कायद्यात व्याख्या घातली गेली. दोन किंवा अधिक साक्षीदार. प्रत्येकाने सही किंवा निशाणी होताना पाहिलेली असावी, नाहीतर करून देणाऱ्याकडून त्याची कबुली ऐकलेली असावी. आणि प्रत्येकाने आपली सही करून देणाऱ्याच्या समक्ष केलेली असावी. दोघे साक्षीदार एकाच वेळी हजर असण्याची गरज नाही. १९२७ मध्ये ही व्याख्या मागच्या दस्तांनाही लागू केली. जुन्या गहाणखतांचा जीव भांड्यात पडला.

यात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे साक्षीदार साक्ष देतो ती सहीची. मजकुराची नाही. आत काय लिहिलंय हे त्याला ठाऊक होतं, असं नुसत्या त्याच्या सहीवरून धरता येत नाही. तो कर्जाला जामीन राहत नाही, आणि मिळकतीत वाटेकरीही होत नाही. शिवाय सही साक्ष देण्याच्या हेतूनेच केलेली हवी. सुप्रीम कोर्टाने १९६९ मध्ये हेच स्पष्ट केलं. नोंदणी करणाऱ्या सबरजिस्ट्रारची किंवा ओळख पटवणाऱ्याची सही दस्तावर असली, म्हणून तेवढ्यावरून तो आपोआप साक्षीदार ठरत नाही.

आता आपल्या जुन्या कागदांकडे येऊ. मराठी दप्तरात या कामांना वेगवेगळे शब्द होते. ‘दस्तुर खुद्द’ म्हणजे स्वतःच्या हातचं. ‘बिकलम’ म्हणजे अमक्याच्या लेखणीने, लिहिणारा वेगळा. ‘साक्ष’ किंवा ‘गोही’ म्हणजे पाहणारा. ‘मोर्तब’ म्हणजे मजकूर संपला तिथे उठवलेला छोटा शिक्का. शिवकालीन पत्रांच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ आणि पुढे पेशवाईत ‘लेखनसीमा’ असे मोर्तब दिसतात ते यासाठीच, की त्याच्या खाली कोणी चार ओळी घुसडू नयेत. आणि नकलेसाठी ‘अस्सल बरहुकूम’, म्हणजे अस्सलाप्रमाणे हुबेहूब. लिहिणारा, करून देणारा, पाहणारा, बंद करणारा, ताडून पाहणारा, अशी पाच जणांची पाच कामं. इंग्रजी आमदानीनंतर यातली निदान दोन, पाहण्याचं आणि नक्कल ताडण्याचं, एकाच ‘अटेस्ट’मध्ये कोंबली गेली.

ज्यांना लिहिता येत नसे त्यांचीही सोय होती. गावच्या महजरावर कुणब्याची निशाणी नांगर, वाण्याची तागडी, बलुतेदारांची आपापल्या हत्याराची. महजरातली साक्ष ही दोन माणसांची नसे. गोत जमायचं, आणि अख्ख्या गावाची आठवण कागदावर यायची. तिथे साक्षीदार सही पाहिली एवढंच सांगत नसे, हे वतन पूर्वापार अमक्याचंच, असं तो सांगे. म्हणजे ती मजकुराची साक्ष होती. म्हणूनच महजर वाचताना आजच्या कायद्याचा ‘अटेस्टिंग विटनेस’ डोळ्यांपुढे ठेवला तर फसगत होते. निशाणीच्या जागी अंगठा आला तो बराच नंतर. बंगालमध्ये विल्यम हर्शेलने १८५८ मध्ये रस्त्याच्या सामानाच्या करारावर राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या हाताचा पंजा उमटवून घेतला, तिथून ही गोष्ट वाढत गेली.

बडोद्याच्या मंडळींना आणखी एक जोडी ठाऊक असेल. गुजराती दस्ताच्या शेवटी दोन रकाने असतात, ‘अत्र मतु’ आणि ‘अत्र साख’. मतु म्हणजे संमती, तिथे करून देणाऱ्याच्या सह्या. साख म्हणजे साक्ष, तिथे साक्षीदारांच्या. घरातलं कोणतं नाव कुठल्या रकान्यात आहे, यावर सगळी गोष्ट अवलंबून. भावाचं नाव ‘मतु’खाली असेल तर त्याने संमती दिली, ‘साख’खाली असेल तर तेवढ्यावरून त्याने फक्त पाहिलं, इतकंच म्हणता येतं. कारभारातले हे शब्द लोकांना कळावेत याची काळजी बडोदे सरकारने घेतली होती. १९३१ चा ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ हा इंग्रजीसह अनेक भाषांतले राज्यकारभाराचे शब्द शेजारी शेजारी ठेवणारा कोश त्यातूनच झाला.

गोव्यात रीत निराळी. पोर्तुगीज व्यवस्थेत भरवसा मुख्यतः नोटरीवर. दस्त त्याच्या ‘नोटास’च्या वहीत लिहिला जायचा, मूळ तिथेच राहायचं, आणि पक्षकाराला मिळायची ती प्रमाणित नक्कल. त्यामुळे गोव्याच्या घरात मूळ दस्त सापडला नाही म्हणून व्यवहार खोटा ठरवू नये. आधी नोटरीच्या वहीचा शोध घ्यावा.

बेळगावकरांना हा शब्द आणखी एका ठिकाणी भेटतो. मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात रंगरूट शपथ घेतात ती ‘अटेस्टेशन परेड’, जवानांच्या बोलीत कसम परेड. इथे अटेस्ट होतो तो कागद नव्हे, माणूस. हा अर्थही जुनाच. १९१५ मध्ये इंग्लंडात लॉर्ड डर्बीच्या योजनेखाली नावं नोंदवून, शपथ घेऊन, बोलावण्याची वाट पाहत घरी थांबलेल्यांना ‘अटेस्टेड’ म्हणत.

स्वातंत्र्यानंतर मराठी कारभारात ‘साक्षांकित’ शब्द रुळला. आपल्या पिढीला आठवतं ते राजपत्रित अधिकाऱ्याच्या दारात गुणपत्रिकेच्या झेरॉक्स घेऊन उभं राहणं. ते साक्षांकन म्हणजे खरं तर ‘अस्सल बरहुकूम’. मूळ पाहिलं, नक्कल जुळते, एवढंच. २०१४ च्या सुमारास केंद्र सरकारने स्वसाक्षांकनावर भर दिला आणि ती रांग बरीच संपली. सोय झाली यात शंका नाही. पण शब्दाची गंमत पाहा, ज्याच्या पोटात तिसरा माणूस होता त्यातून तिसराच गेला.

मग हातातल्या कागदाचं काय करायचं? तीस वर्षांहून जुना दस्त योग्य ताब्यातून आलेला असेल, तर त्यावरच्या सह्या आणि साक्षी खऱ्या आहेत असं कोर्ट गृहीत धरू शकतं. १८७२ च्या कायद्यात हे होतं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही आहे. म्हणून कागद कुठल्या पेटीत, कोणाकडे, कशाबरोबर होता हे लिहून ठेवा. शेवटचं पान वेगळं काढू नका, लॅमिनेट तर मुळीच करू नका. नावं उतरवताना कोणाचं नाव करून देणार म्हणून, कोणाचं साक्ष म्हणून, कोणाचं बिकलम म्हणून आलंय ते शेजारी लिहा. संस्थानी दस्त असेल तर त्या संस्थानाचा त्या वेळचा कायदा पाहा, ब्रिटिश मुलखाचा लावू नका. आणि साक्षीदारांची नावं शेजारपाजारच्या घरांतून शोधा. शेजारी, सोयरे, गल्लीतला दुकानदार, अशीच माणसं साक्षीला बोलावली जात. मिळकत केव्हाच विकली गेली असेल, पण शंभर वर्षांपूर्वी आपल्या घराला अडीअडचणीला कोण उभं राहत होतं, ते त्या रकान्यातून अजून कळतं.