नाशिकच्या तुरुंगातली गोष्ट आणि पुढची सत्तर वर्षं

नाशिकरोडला जेलरोड नावाचा भाग आहे. माझं लहानपण तिथे गेलं. वडील नोटांच्या प्रेसमध्ये, आई घरी, आणि पायी वीस मिनिटांवर मध्यवर्ती कारागृहाची भिंत. त्या भिंतीआड साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली, हे आम्हाला शाळेत दर वर्षी सांगितलं जायचं. ९ फेब्रुवारी १९३३ला, गुरुवारी, लिहायला घेतलं आणि १३ फेब्रुवारीच्या सोमवारी सकाळी संपवलं. एका मराठी मुलाच्या मोठं होण्याची घरोघरी वाचली गेलेली गोष्ट अशी आमच्या शेजारी, पाच दिवसांत लिहून झाली.

गेली तीन वर्षं मी एक कादंबरी लिहितो आहे. १९९०च्या दशकातला जेलरोडचा एक मुलगा, दहावीतून बारावीत जाणारा. त्याला वर्गातला एक मुलगा आवडतो. प्रसंग सुचतात, माणसं बोलू लागतात, पण घोडं एकाच ठिकाणी अडतं. हा मुलगा हे सगळं सांगतो आहे कुणाला? आईला सांगत नाही, मित्रांना सांगत नाही, वहीत लिहिलं तर वही सापडण्याची भीती. मग हे शब्द येतात कुठून? अडलो म्हणून ‘श्यामची आई’ पुन्हा काढलं, आणि तिथून पुढची पुस्तकं चाळत गेलो. लक्षात आलं की ही अडचण माझ्या एकट्याची नाही.

श्यामला ऐकणारे आयते मिळाले आहेत. आश्रम आहे, रात्रीची प्रार्थना झाली आहे, मित्र भोवती बसले आहेत. श्याम रोज रात्री एक आठवण सांगतो, अशा बेचाळीस रात्री. सांगतो ते बहुतेक स्वतःच्या चुकांबद्दल. पोहायला घाबरलो, पैसे चोरले, आईला दुखावलं. आपली लाज चारचौघांत कशी सांगावी, याची एक भाषाच या पुस्तकाने मराठी मुलांना दिली. ती भाषा चालते, कारण चूक कितीही मोठी असली तरी शेवटी आई जवळ घेणार याची खात्री श्यामलाही आहे आणि ऐकणाऱ्यांनाही. ज्या मुलाला ती खात्री नाही, त्याने कुठल्या भाषेत बोलायचं, हा प्रश्न त्या पुस्तकाचा नव्हता. तो असावा अशी अपेक्षाही नाही.

पण तो प्रश्न त्याच काळात, दुसऱ्या शहरात विचारला जात होता. र. धों. कर्वे यांचं ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक जुलै १९२७पासून मुंबईतून निघत होतं. संततिनियमन आणि लैंगिक आरोग्य हे त्याचे विषय. त्यात वाचक खासगी प्रश्न विचारत आणि कर्वे रोखठोक उत्तरं देत. या प्रश्नोत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. आक्षेप घेतलेल्या मजकुरात हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांबद्दलचे प्रश्न होते. कर्व्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लैंगिक विषयावर लिहिलं म्हणजे ते अश्लील ठरत नाही, आणि लोकांच्या डोक्यात विकृत समजुती असतील तर त्या ज्ञानानेच दूर होतील, असा त्यांचा युक्तिवाद होता. खटला हरला. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. मासिक मात्र पुढे १९५३पर्यंत, कर्व्यांच्या मृत्यूपर्यंत, निघत राहिलं.

या दोन तारखा शेजारी ठेवून बघा. फेब्रुवारी १९३३ला नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’, १९३४ला मुंबईच्या कोर्टात ‘समाजस्वास्थ्य’. मनातलं मोकळेपणाने सांगण्याची भाषा एकीकडे तयार झाली. ज्याबद्दल सांगायचं तो विषय दुसरीकडे, दंड भरत, छापला गेला. पहिल्या ठिकाणी मुलगा आहे, घर आहे, आई आहे, पण हा विषय नाही. दुसऱ्या ठिकाणी विषय आहे, पण मुलगा नाही. तिथे आहे तो फक्त एक प्रश्नकर्ता. त्याला घर नाही, शाळा नाही, पावसाळ्यात भिजलेलं दप्तर नाही. प्रश्नोत्तराच्या सदरात माणसाचं वय कळतं, तक्रार कळते, पण त्याला कोण आवडत होतं ते कळत नाही. मराठी कथात्म साहित्यात या दोन गोष्टींची गाठ पडायला सत्तर वर्षं जावी लागली, असं मला वाटतं.

मधल्या काळात मुलांच्या मोठं होण्याबद्दल मराठीत उत्तम लिहिलं गेलं. १९६३च्या ‘कोसला’मध्ये पांडुरंग सांगवीकर कुणाचीही माफी न मागता थेट वाचकाशी बोलू लागला. वसतिगृहातलं मुलांमुलांचं जग त्यात इतकं आतून आलं की पुढच्या पिढ्यांनी आपापल्या खोल्या त्यात ओळखल्या. तरी आमच्यासारख्याची खोली त्यात नव्हती.

१९८१ साली विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ रंगमंचावर आलं. मित्रा ही कॉलेजातली मुलगी, आणि तिला एक मुलगी आवडते. नाटक धाडसाचं होतंच, पण माझ्या प्रश्नाच्या दृष्टीने त्याची रचना बघण्यासारखी आहे. गोष्ट मित्राची, सांगतो मात्र बापू. बापू तिचा मित्र आहे, तिचं गुपित सांभाळतो, तिच्यासाठी झिजतो, आणि ती गेल्यावर आपल्याला तिची हकीकत सांगतो. प्रेक्षकाला बापूच्या जागी बसणं सोपं जातं. मित्राच्या जागी बसायची वेळ त्याच्यावर येत नाही. समलैंगिक माणसाबद्दल सहानुभूतीने लिहिताना ही वाट हाताशी असते. मीही पहिल्या खर्ड्यात तीच धरली होती. माझ्या मुलाची गोष्ट त्याचा वर्गमित्र सांगत होता. सव्वाशे पानांनंतर कळलं, की मी त्या वर्गमित्राच्या मागे लपलो आहे.

मग लागोपाठ तीन वर्षांत तीन पुस्तकं आली. २००४ला मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ आली. नववीतला मुकुंद, आणीबाणीचा काळ, आणि शिरोडकर. त्या वयातली ओढ मराठीत किती साधेपणाने लिहिता येते, हे त्या पुस्तकाने दाखवलं. २००५ला बिंदुमाधव खिरे यांची ‘पार्टनर’ आली. खिरे यांनी २००२ साली पुण्यात समपथिक ट्रस्ट सुरू केला होता. कादंबरीतला मुलगा शाळकरी वयापासून आपलं वेगळेपण ओळखत जातो, घाबरतो, चुकतो, उभा राहतो. भाषा सरळ आहे, अलंकार जवळपास नाहीत, आणि वाचणाऱ्या मुलाला उपयोगी पडावी अशी माहिती गोष्टीत मिसळलेली आहे. मला ती वाचताना ‘समाजस्वास्थ्य’ आठवलं. तिथला प्रश्नकर्ता इथे अखेर माणूस होऊन आला आहे, त्याला घर आणि शाळा मिळाली आहे. नाशिकला एम. जी. रोडवरच्या दुकानात मी ‘पार्टनर’ मागितली, तर विक्रेत्याने न बघताच वपुंची काढून दिली. नावसारखेपणाचा तेवढा आडोसा मला बरा वाटला. “दुसरी आहे,” असं म्हणायला मी आठवडाभराने पुन्हा गेलो.

२००६ला मौज प्रकाशनाने सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ काढली. पुण्यातलं मध्यमवर्गीय घर, तनय आणि अनुजा ही भावंडं, आणि वरच्या खोलीत राहायला आलेला एक भाडेकरू. त्याला पुस्तकभर नाव नाही. दोघंही त्याच्या प्रेमात पडतात, आणि तो अनुजाबरोबर निघून जातो. पूर्वार्ध तनयचा आहे. उत्तरार्ध अनुजाच्या वहीतला. तनय बोलतो ते निघून गेलेल्या त्या माणसाशी, ‘तू’ म्हणत. माझ्या प्रश्नाला मराठीत मिळालेलं हे विलक्षण उत्तर आहे. घरात कुणाला सांगता येत नाही, तर जो आता ऐकायला नाही त्यालाच सांगायचं. त्यामुळे तनयला समलैंगिकता म्हणजे काय ते कुणाला समजावून द्यावं लागत नाही. समोरच्याला ते माहीत आहे. त्यामुळे तो नुसता आठवू शकतो.

ही दोन्ही पुस्तकं आली तेव्हा कलम ३७७ पूर्णपणे लागू होतं. इंग्रजांच्या १८६०च्या दंडसंहितेतलं ते कलम दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ला प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं बाजूला केलं, आणि सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ला ते पुन्हा जागेवर आणलं. ‘कोबाल्ट ब्लू’चा जेरी पिंटो यांनी केलेला इंग्रजी अनुवाद त्याच २०१३ सालचा. म्हणजे पुस्तक मराठीच्या बाहेर पोचत होतं, आणि तनयचं प्रेम पुन्हा गुन्हा ठरत होतं. शेवटचा निकाल ६ सप्टेंबर २०१८चा. त्या दिवशी मी नाशिकरोडच्या घरी होतो. टीव्हीवर बातमी चालू होती, आई कोथिंबीर निवडत होती, आणि आम्ही दोघंही काही बोललो नाही.

कायदा बदलल्याने माझी कादंबरी सोपी झाली नाही. माझा मुलगा १९९०च्या दशकातला आहे, त्याच्या मागे कुठलाच निकाल नाही. पण एवढा इतिहास चाळल्यावर त्याला बापूच्या हवाली करायचं नाही, हे ठरलं. तनयसारखा दूर गेलेला माणूसही त्याच्याकडे नाही, कारण त्याचं प्रेम तिथवर पोचलंच नव्हतं. राहिली ती श्यामची जागा. रात्र, भोवती माणसं, आणि जवळ घेतलं जाईल की नाही हे माहीत नसताना बोलायला लागणं. दुसरा खर्डा मी तसा सुरू केला. मुलगा आईलाच सांगतो आहे, पहिल्या ओळीपासून.

गेल्या दिवाळीत त्यातली चाळीस पानं आईला वाचायला दिली. वाचून दे, एवढंच म्हणालो. दोन दिवस तिने विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी पानं परत दिली. एका ठिकाणी पेन्सिलीने खूण होती.

“अरे, तेव्हा शहर बस इथे थांबत नव्हती,” ती म्हणाली. “बिटकोला उतरून चालत यावं लागायचं. तू यायचास ना तसा. मी गॅलरीतून बघायचे.”

मी ते दुरुस्त केलं आहे. आता तो मुलगा बिटकोला उतरतो आणि चालत घरी येतो. पुढची पानं कधी देतोस, असं तिने परवा फोनवर विचारलं.