मनोहारी सिंग : हिंदी चित्रपटगीतांतील सॅक्सोफोनचे स्वर

हिंदी चित्रपटसंगीतात सॅक्सोफोनला मानाचे स्थान मिळवून देणाऱ्या वादकांमध्ये मनोहारी सिंग यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. त्यांचे वादन असंख्य रसिकांच्या परिचयाचे आहे. वादक म्हणून त्यांचे नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक होते. त्या काळी तबकड्यांवर गायक, गीतकार आणि संगीतकार यांचीच नावे छापली जात. साथीच्या वादकांचा उल्लेख क्वचितच होई.

जडणघडण

सिंग यांचा जन्म ८ मार्च १९३१ रोजी कोलकात्यात एका नेपाळी कुटुंबात झाला. वाद्यवादनाची परंपरा घरातच होती. १९४० च्या दशकात ते बाटा कंपनीच्या बँडपथकात दाखल झाले. तेथे हंगेरीहून आलेले जोसेफ न्यूमन यांच्या हाताखाली ते तयार झाले. पुढे फिरपोज या प्रसिद्ध उपाहारगृहात त्यांनी वादन केले. पाश्चात्त्य स्वरलेखन वाचण्याची शिस्त आणि जॅझमधील उत्स्फूर्तता या दोन्ही गोष्टी त्यांना कोलकात्यातच लाभल्या.

मुंबईतील कारकीर्द

संगीतकार सलिल चौधरी यांच्या आग्रहावरून ते १९५८ मध्ये मुंबईत आले. सचिनदेव बर्मन यांच्या 'सितारों से आगे' या चित्रपटातील वादनामुळे त्यांच्याकडे लक्ष वेधले गेले. त्या काळात गायक आणि संपूर्ण वाद्यवृंद यांचे ध्वनिमुद्रण एकाच वेळी होत असे. एका वादकाची चूक झाली, तरी सर्वांना पुन्हा आरंभापासून सुरुवात करावी लागे. त्यामुळे अचूक आणि तत्पर वादकाला मोठी मागणी असे.

ओ. पी. नय्यर यांच्या 'काश्मीर की कली' (१९६४) मधील 'है दुनिया उसीकी' या गीतात सॅक्सोफोन महंमद रफी यांच्या स्वराच्या जोडीने वावरतो. शंकर-जयकिशन यांच्या 'आरजू' (१९६५) मधील 'बेदर्दी बालमा', सचिनदेव बर्मन यांच्या 'गाइड' (१९६५) मधील 'गाता रहे मेरा दिल' आणि 'आराधना' (१९६९) मधील 'रूप तेरा मस्ताना' ही गीतेही त्यांच्या वादनासाठी ओळखली जातात. यांपैकी शेवटच्या गीतातील अकॉर्डियन केर्सी लॉर्ड यांचे आहे. सिंग बासरी आणि मेंडोलिनही वाजवीत.

पंचम यांचे सहकारी

राहुलदेव बर्मन यांच्याशी त्यांचे सहकार्य सर्वाधिक काळ टिकले. चेलोवादक बासुदेव चक्रवर्ती, तबलावादक मारुतीराव कीर आणि सिंग हे तिघे बर्मन यांचे प्रमुख सहायक होते. संगीतकाराने सुचविलेल्या चालीसाठी वाद्ये निवडणे आणि गीताच्या दोन कडव्यांमधील संगीताची रचना करणे, अशी कामे संयोजकाकडे असत. 'बासू-मनोहारी' या नावाने चक्रवर्ती आणि सिंग यांनी 'सबसे बडा रुपैया' (१९७६) या चित्रपटाला स्वतंत्रपणे संगीत दिले.

बदलता काळ

१९८० च्या दशकापासून सिंथेसायझरचा वापर वाढला आणि निरनिराळे ट्रॅक स्वतंत्रपणे ध्वनिमुद्रित होऊ लागले. मोठ्या वाद्यवृंदांची गरज कमी झाली आणि अनेक वादकांचे काम घटले. या वादकांच्या मुलाखतींवर आधारित 'बिहाइंड द कर्टन' हे ग्रेगरी बूथ यांचे पुस्तक २००८ मध्ये प्रकाशित झाले, तेव्हा या पिढीच्या कार्याची सविस्तर नोंद झाली. १३ जुलै २०१० रोजी मुंबईत वयाच्या ७९ व्या वर्षी सिंग यांचे निधन झाले.