कोळशातलं पाणी

कोक भट्टीत कोळसा जळत नाही, हे सांगितलं की बाहेरची माणसं चमकतात. विटांच्या दोन भिंतींमधल्या अरुंद, हवाबंद कप्प्यात तो सोळा-अठरा तास भाजला जातो. आग असते ती भिंतीपलीकडे. वायू आणि डांबर निघून गेलं की मागे उरतो तो कोक, आणि त्याच्याशिवाय ब्लास्ट फर्नेस चालत नाही. मी पूर्व भारतातल्या एका पोलाद कारखान्याच्या कोक ओव्हनमध्ये नोकरी केली, आणि त्यातली बरीच वर्षं कोळशाचा ओलावा मोजण्यात गेली. पोलादाच्या इतिहासात लोखंडाबद्दल भरभरून लिहिलं जातं, पाण्याबद्दल कोणी लिहीत नाही. म्हणून हा खटाटोप.

आधी हिशेब बघा. सात मीटर उंचीच्या एका भट्टीत साधारण तीस टन कोळसा पडतो. ओलावा नऊ टक्के असेल तर त्यात दोन हजार सातशे किलो पाणी आलं. ते उडून गेल्याशिवाय मधल्या कोळशाचं तापमान शंभर अंशांच्या वर सरकत नाही. भिंतीलगत कोक तयार होत आला तरी मध्यभाग कित्येक तास तिथेच अडकून बसतो. शिवाय वाफ झाली म्हणून पाणी संपत नाही. वायूबरोबर ती वर जाते, थंड होते, आणि अमोनिया, फिनॉल, सायनाइड घेऊन पुन्हा पाणी बनून समोर उभी राहते. ते शुद्ध केल्याशिवाय सोडता येत नाही. म्हणजे एकाच पाण्यासाठी रेल्वेचं भाडं भरायचं, ते उकळायला वायू जाळायचा आणि शेवटी त्याच्या शुद्धीकरणाचाही खर्च करायचा.

यातलं बरंचसं पाणी माणसानेच घातलेलं आहे. अब्राहम डार्बीने १७०९ साली इंग्लंडमध्ये कोलब्रुकडेलला कोकवर लोखंड काढलं, तेव्हा चांगला कोळसा वेचून घेण्याची चैन होती. पुढे खाणी खोल गेल्या, कोळशात दगडमाती वाढली आणि धुणं भाग पडलं. आपल्याकडे तर झरियाच्या कोळशात राख इतकी की धुतल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. १९५१ मध्ये वेस्ट बोकारोला, त्याच्या पुढच्या वर्षी जामाडोबाला टाटांच्या वॉशरी सुरू झाल्या. १९५८ मध्ये करगलीची सरकारी वॉशरी आली. राख उतरली, ओलावा चढला. मोठे तुकडे निथळून जातात, पण बारीक चुरा पाणी सोडत नाही. फेसावर तरंगवून काढलेला चुरा फिल्टरवरून उतरतो तेव्हाही त्यात वीस टक्क्यांच्या आसपास पाणी असतं.

प्रयोगशाळेतली रीत सोपी: नमुना तोलायचा, साधारण १०८ अंशांवर वाळवायचा, वजन उतरायचं थांबलं की पुन्हा तोलायचा. पण आकडा हातात येईपर्यंत तो कोळसा भट्टीत गेलेला असायचा. म्हणून बेल्टवरचे जुने कामगार मूठभर कोळसा घेऊन दाबायचे. मूठ उघडल्यावर गोळा लगेच विस्कटला तर कोळसा कोरडा, बोटांचे ठसे घेऊन तसाच राहिला तर ठीक, आणि तळव्यावर काळं पाणी उतरलं की आज काही खरं नाही. पावसाळ्यात हे रोजचंच. रेक भिजून यायची, वाघिणीच्या तळाला कोळसा चिकटून राहायचा, बंकरच्या तोंडाशी कमान धरायचा आणि मग सळया घेऊन माणसं कोचायला उभी. ते काम धोक्याचं होतं, आणि ओलाव्याचा प्रश्न माझ्यासाठी आधी त्या माणसांचा आहे, इंधनाचा नंतर.

ओल्या कोळशाची आणखी एक खोड. दमट वाळू कोरड्या वाळूपेक्षा जास्त जागा घेते, हे बांधकामावरचा कोणीही सांगेल. कोळशाचंही तसंच: सात-आठ टक्के ओलाव्याला कण एकमेकांना धरून ठेवतात, नीट बसत नाहीत, आणि भट्टी भरली तरी वजनाने माल कमी जातो. कोकही ठिसूळ होतो. यावर पूर्वी कोळशावर थोडं तेल फवारायची पद्धत होती. तेलाने कण घसरतात, दाटून बसतात. तेल स्वस्त होतं तोवर ते परवडलं.

मग १९७० च्या दशकात युरोप-अमेरिकेत एकदम दुसऱ्या टोकाचा विचार झाला: पाणी ठेवायचंच कशाला? कोळसा दोनशे अंशांपर्यंत तापवून, पूर्ण कोरडा करून भट्टीत सोडायचा. जर्मनीत, इंग्लंडमध्ये, अमेरिकेत असे संच उभे राहिले. उत्पादन खरोखर वाढलं. पण कोरडा चुरा भट्टीत पडताच वायूबरोबर उडून डांबरात जायचा, नळ्यांत कार्बन जमायचा, आणि दाटून बसलेल्या कोळशाचा दाब भिंतींवर यायचा. एकेक करून बहुतेक संच बंद पडले. मला हा सगळ्यात शिकण्यासारखा टप्पा वाटतो, कारण ज्या पाण्याला सगळे शिव्या देत होते ते धूळ धरून ठेवण्याचं काम मुकाट्याने करत होतं, हे तेव्हा कळलं.

जपानने नेमका मधला आकडा धरला. कोळसा जवळजवळ सगळा बोटीने येणारा, त्यात १९७३ आणि १९७९ चे तेलाचे दोन झटके. उष्णता वाया घालवणं त्यांना शक्यच नव्हतं. निप्पॉन स्टीलने १९८३ मध्ये क्यूशू बेटावरच्या ओइता कारखान्यात ओलावा नियंत्रणाचा पहिला संच चालू केला. भट्टीतून निघणाऱ्या तप्त वायूची उष्णता एका तेलात घ्यायची आणि त्या तेलाने कोळसा वाळवायचा. नऊ टक्क्यांवरून पाच-सहापर्यंत, त्याच्या खाली नाही. टनामागे साधारण ०.३ गिगाज्यूल उष्णता वाचली, कोकची मजबुती वाढली, घाण पाणी घटलं. पुढच्या पिढीत तेलाच्या जागी वाफ आली. फिरत्या पिंपातल्या नळ्यांमधून वाफ खेळवायची आणि बाहेरून कोळसा घोळवायचा. ही वाफ बहुधा तप्त कोक पाण्याऐवजी वायूने थंड करताना मिळालेली. १९९० च्या दशकात मुरोरानला धुराड्यातल्या गरम वायूवर कोळसा तरंगवत वाळवू लागले. ओइतातच १९९२ मध्ये आणखी पुढची पायरी गाठली: ओलावा दोन-चार टक्क्यांवर न्यायचा, पण उडणारा चुरा आधीच वेगळा काढून त्याच्या वड्या दाबायच्या आणि त्या परत मिसळायच्या. युरोपात जिथे घोडं अडलं होतं, तिथून हे लोक पुढे गेले, ते धुळीची सोय आधी करून.

आपण जपानी वाट का धरली नाही, असं तरुण इंजिनिअर विचारायचे. वाफ नव्हती असं नाही. विशाखापट्टणमला कोक सुरुवातीपासून वायूनेच थंड करतात. तिथे त्या वाफेवर वीज होते. खरं कारण कोळशात आहे. आपला कोळसा मुळात कमी चिकट, त्यामुळे आपल्याकडच्या अनेक कारखान्यांनी कोळसा ठोकून भरण्याची पद्धत घेतली. जमशेदपूरला ती १९८० च्या दशकात आली. पोलादी पेटीत कोळसा टाकत जायचं, वरून घण पडत राहतात, आणि तयार झालेली भिंतीएवढी वडी बाजूच्या दारातून भट्टीत सरकवायची. ही पद्धत सारलँड आणि सायलेशियाची. तिथला कोळसाही असाच दुबळा होता. या वडीला आठ ते अकरा टक्के ओलावा लागतोच. कमी पडला तर वडी दारातच ढासळते आणि सगळी पाळी कोळसा उपसण्यात जाते. गोव्यात आमोण्याला सेसा कंपनीने घणांऐवजी कंपनाने कोळसा दाबण्याची स्वतःची पद्धत बसवली, तिथेही कोळसा धरून ठेवायला पाणीच लागतं.

म्हणून ‘ओलावा कमी करा’ असं सरसकट फर्मान काढणाऱ्यांशी माझं कधी पटलं नाही. वरून भरायच्या भट्ट्यांसाठी वाळवणीचे संच आपल्याकडे कधीच यायला हवे होते, आणि त्या आधी कोळशाच्या ढिगांवर छप्पर यायला हवं होतं. ठोकून भरायच्या भट्ट्यांना मात्र ओलावा एकसारखा मिळायला हवा, पाळी बदलली तरी तोच. पावसाळ्यात तिथे कोळसा आडोशाला ठेवावा लागतो आणि मे महिन्यात त्याच्यावर मोजून पाणी मारावं लागतं.