विशेष दर्जाच्या निर्वात नलिका

विशेष दर्जाच्या निर्वात नलिका (बोलीभाषेत 'व्हॉल्व्ह') या दीर्घ आयुष्य व कंपने सोसण्याची क्षमता यांसाठी बनवलेल्या इलेक्ट्रॉन नलिका होत. विमाने, दूरध्वनी यंत्रणा व आरंभीचे संगणक यांच्यासाठी त्या विकसित झाल्या. आज घरगुती ध्वनिवर्धक बाळगणारे संगीतरसिक त्यांना चढी किंमत देतात.

== पार्श्वभूमी ==
नाशिक जिल्ह्यातील ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सने १९६४ मध्ये मिग-२१ विमानांसाठी कारखाना उभारला. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन कोरापूटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला अशी कामाची विभागणी होती. त्या काळच्या सोव्हिएत विमानांतील रडार व रेडिओ संच मुख्यतः नलिकांवर चालत. सोव्हिएत नामपद्धतीत शेवटचे 'ई' हे अक्षर दीर्घ आयुष्य, तर 'व्ही' हे वाढीव विश्वासार्हता व यांत्रिक बळकटी दर्शवते. ६एन२३पी-ईव्ही ही अशीच जोड-ट्रायोड असून ध्वनिवर्धकांत ती पाश्चात्त्य ई८८सीसीच्या जागी वापरतात. ई८८सीसीचे अपेक्षित आयुष्य १०,००० तास धरलेले होते. रेडिओ संचांच्या नलिका भारतात बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून बनवल्या.

== बिघाडाची कारणे ==
नलिकेचे आयुष्य मुख्यतः ऋणाग्रावरील बेरियम व स्ट्रॉन्शियम ऑक्साइडांच्या लेपावर ठरते. लेप झिजला की इलेक्ट्रॉनांचे उत्सर्जन घटते. काच तडकून हवा आत शिरल्यास वरचा रुपेरी डाग पांढरा पडतो. हा डाग उरलेले वायू शोषून घेणाऱ्या बेरियमचा असतो. तंतू तापलेला पण धनाग्राकडे प्रवाह नाही, अशी अवस्था दीर्घकाळ राहिल्यास ऋणाग्राचा निकेल व लेप यांच्यामध्ये रोधक थर साचतो. त्यामुळे संच तासन्‌तास 'स्टँडबाय'वर ठेवण्याने नलिका वाचतेच असे नाही.

शक्तिनलिका (उदा. ईएल३४) काही हजार तासांत थकतात, पूर्वविवर्धकातील लहान नलिका त्याहून बऱ्याच अधिक टिकतात. बायस चुकल्यास मात्र धनाग्र लाल होऊन महागडी शक्तिनलिकाही काही मिनिटांत निकामी होऊ शकते.

== 'प्रीमियम' शिक्का ==
मूळ विशेष नलिकांत ऋणाग्राचा धातू, जाळीची बांधणी व चाचणी वेगळी असे. आजच्या बाजारात मात्र अनेकदा साधीच नलिका मोजून, निवडून, नव्या नावाने विकली जाते. जुळवलेल्या जोडीमुळे दोन नलिकांतील प्रवाह सारखा राहतो, आयुष्याची हमी मिळत नाही. सोन्याचा मुलामा दिलेल्या पिना गंजत नाहीत, इतकाच त्यांचा उपयोग. घरगुती संचात पुरेशी हवा, योग्य बायस आणि ६.३ व्होल्टच्या आसपास राखलेला तंतुदाब यांचा परिणाम बहुधा शिक्क्यापेक्षा मोठा असतो.