दाई, नर्सबाई, आशा : बीड जिल्ह्यातल्या आरोग्यकामाचा इतिहास आणि 'मानधन' नावाचा शब्द

विषय जाहीर झाला तेव्हा एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. म्हणाला, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानवाले. आरोग्य खात्याच्या भरतीशी तुमचं काय देणंघेणं?" प्रश्न रास्त आहे. मी डॉक्टर आहे तो पीएच.डी.चा, इंजेक्शन देणारा नव्हे. गावाकडे अजूनही कुणीतरी गुडघा पुढे करतं आणि मला खुलासा करावा लागतो. पण या विषयात मला ओढून आणलं ते एका शब्दानं. तो शब्द म्हणजे 'मानधन'. पगार, मजुरी, मोबदला, बिदागी, मानधन, हे सगळे पैशाचेच शब्द. मग कुणाला पगार आणि कुणाला मानधन, हे कोण ठरवतं? आपल्या जिल्ह्यातल्या आरोग्याच्या कामाचा इतिहास काढून बघितला तर हा प्रश्न पावलोपावली भेटतो.

सुरुवात सुईणीपासून करू. माझ्या वयाची इथं बसलेली बहुतेक माणसं सुईणीच्या हातावर जन्मली. बाळंतपण करणारी, नाळ कापणारी ही बाई बऱ्याच गावांत मांग किंवा महार समाजातली असायची. काम जिवावरचं आणि कौशल्याचं, पण विटाळाचं मानलेलं. तिला काय मिळायचं? लुगडं-खण, पायली-दोन पायली ज्वारी, पाचवीच्या दिवशीचं जेवण. मुलगा झाला तर थोडं जास्त. दर ठरलेला नाही, मागायचा हक्क नाही. दिलं तर दिलं. आणि घ्यायचं ते दारातून. त्या देण्यात मान होता का, असं मला कुणी विचारलं तर मी म्हणेन, गरज होती. मान वेगळा असतो.

आता सरकारी बाजू. 1948 पर्यंत आपला जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. आपण रोज 'दवाखाना' म्हणतो तो शब्द फारसी-उर्दूतून आला, हे किती जणांच्या लक्षात असतं? हैदराबादला 1846 मध्येच वैद्यकीय शाळा निघाली होती. पुढे तिथं क्लोरोफॉर्मवर जगभर गाजलेले प्रयोग झाले, आणि त्या शाळेत शिकलेल्या रूपाबाई फर्दुनजी या भूल देणाऱ्या पहिल्या स्त्रियांपैकी एक मानल्या जातात. 1918 ला उस्मानिया विद्यापीठ निघालं आणि तिथं वैद्यकशास्त्रसुद्धा उर्दूतून शिकवलं गेलं. आज इंजिनिअरिंग मराठीतून शिकवावं का यावर आपण भांडतो, म्हणून मुद्दाम सांगितलं. पण हैदराबाद ते बीड हे अंतर नुसतं मैलांचं नव्हतं. राजधानीत मोठं रुग्णालय, मोमिनाबादला म्हणजे आजच्या अंबाजोगाईला फौजेची छावणी, आणि खेड्यात हकीम, वैद्य, देवऋषी आणि सुईण.

1946 मध्ये भोर समितीचा अहवाल आला. त्यातले दोन आकडे मी वर्गातसुद्धा फळ्यावर लिहायचो, नीतिशास्त्राच्या तासाला. 6,300 माणसांमागे 1 डॉक्टर. आणि 43,000 माणसांमागे 1 परिचारिका. मुलांना वाटायचं मी आकडे उलटे लिहिले. डॉक्टर कमी आणि नर्स जास्त असायला हव्यात ना? पण आपला देश तसाच होता, डॉक्टरपेक्षा नर्स दुर्मीळ. कारण नर्सिंग म्हणजे परक्या माणसाच्या अंगाला हात लावायचा, मलमूत्र काढायचं. चांगल्या घरच्या बाईनं करायचं काम नाही, अशी समजूत. हे आकडे ब्रिटिश हिंदुस्थानचे. संस्थानातला आमचा भाग त्याहून बरा असण्याचं काही कारण नव्हतं. मराठवाड्याला पहिलं वैद्यकीय महाविद्यालय मिळालं तेच मुळी 1956 ला, औरंगाबादला.

पुढचा काळ मला आठवतो. माझ्या दंडावर देवीच्या लसीची खूण आहे; तुमच्यापैकी पांढऱ्या केसांच्या मंडळींच्याही असेल. लस टोचणाऱ्याला गावात 'देवी डॉक्टर' म्हणत. तो आला की पोरं ज्वारीत पळायची. त्याच्या मागोमाग मलेरियावाले. 1958 ला हिवताप निर्मूलन मोहीम निघाली आणि फवारणीची टोळी घरोघर फिरू लागली; भिंतीवर तारीख लिहून जायचे. आमची आजी त्या तारखेवर शेणाचा हात फिरवायची आणि पुढच्या खेपेला शिव्या खायची. मग नारूवाले. पायविहिरीत उतरून पाणी भरणाऱ्या आपल्या भागात नारू काय होता ते नव्या पिढीला सांगून खरं वाटणार नाही. पायातून दोऱ्यासारखा जंत निघायचा, तो काडीवर गुंडाळत बसायचं.

या मोहिमांची गंमत बघा. प्रत्येक रोगाची स्वतंत्र फौज. देवीचा माणूस हिवतापाचं बघणार नाही, हिवतापाचा कुटुंब नियोजनाचं बघणार नाही. 1973 मध्ये कर्तारसिंग समितीनं सांगितलं की हे पुरे, एकच 'बहुउद्देशीय' कर्मचारी करा. 1975 मध्ये देशातला देवीचा शेवटचा रुग्ण सापडला. रोग संपला, पण माणसं रस्त्यावर आली नाहीत. त्यांतले पुष्कळ जण आरोग्य सेवक झाले, पुढे पर्यवेक्षक झाले, पेन्शन घेऊन घरी बसले. म्हणजे त्या काळी रोग तात्पुरता होता आणि नोकरी कायम होती. एवढं ध्यानात ठेवा, कारण पुढे नेमकं उलटं होणार आहे.

याच सुमाराला अंबाजोगाईचं वैद्यकीय महाविद्यालय निघालं. नाव स्वामी रामानंद तीर्थांचं. स्वामीजी त्याच गावात शिक्षक होते, म्हणून नाव शोभतंही. 'ग्रामीण' वैद्यकीय महाविद्यालय ही कल्पना तेव्हा नवी होती. डॉक्टर खेड्याजवळ घडवला तर तो खेड्यात राहील, असा तर्क. तर्क अर्धा खरा ठरला. महाविद्यालयामुळे परळी, केज, धारूरच्या माणसाला रात्रीबेरात्री ऑपरेशन करून घ्यायला सरकारी जागा मिळाली, हे फार मोठं काम आहे. परिचारिका, तंत्रज्ञ, वॉर्डबॉय, औषधांची दुकानं, खाणावळी, अख्ख्या गावाचं अर्थकारण त्यावर उभं राहिलं. पण तिथं शिकलेला डॉक्टर वडवणीला किंवा शिरूर कासारला राहील, हे मात्र महाविद्यालयाच्या नावात 'ग्रामीण' लिहून साधलं नाही. सरकारला बंधपत्र लिहून घ्यावं लागलं : एक वर्ष सेवा करा, नाहीतर एमबीबीएसला 10 लाख भरा. ज्याच्या घरी पैसे होते त्याला मोकळं व्हायची वाट त्या अटीतच लिहिलेली होती. मग खेड्यातली खुर्ची भरली कुणी? पुष्कळ ठिकाणी बीएएमएस डॉक्टरांनी. 2014 पासून धावणारी 108 ची गाडी घ्या. राज्यात 937 गाड्यांनी सुरुवात झाली; आत बसलेला डॉक्टर बहुधा आयुर्वेदाचाच.

आणि लोखंडी सावरगाव. अंबाजोगाईजवळच्या त्या रुग्णालयाच्या इमारती तयार होऊन तशाच उभ्या होत्या. का? पदं नव्हती. 2020 मध्ये कोरोना आला आणि तिथं घाईघाईनं कोविड केंद्र सुरू झालं. इमारतीचं उद्घाटन करता येतं, फोटो निघतो. पदनिर्मितीच्या शासन निर्णयाची फीत कापता येत नाही, म्हणून माणसं नेहमी मागून येतात. एरवीही नुसता हिशोब मांडा. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 25 लाख 85 हजार, त्यातली पाचात चार माणसं खेड्यात. 30,000 लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र हा निकष. भागाकार केला तर सत्तरच्या आसपास केंद्रं यायला हवीत. तुमच्या तालुक्यात किती आहेत, त्यांतल्या कितींमध्ये रात्री डॉक्टर असतो, हे मी सांगण्यापेक्षा तुम्ही मोजा.

आता जामखेड. जिल्ह्याबाहेर आहे, पण आष्टी-पाटोद्याच्या माणसाला जामखेड परकं कधीच नव्हतं. 1970 ला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे तिथं आले. त्यांनी गावातल्याच बाया निवडल्या. निरक्षर, काही परित्यक्ता, काही दलित. त्यांना आरोग्याचं शिकवलं, आणि एकदा शिकवून सोडलं नाही, पुन्हा पुन्हा बोलावून शिकवलं. या बायांनी बालमृत्यू कमी करून दाखवले. 1979 चा मॅगसेसे पुरस्कार या दांपत्याला मिळाला. ज्या बाईला सुईण म्हणून दारातून ज्वारी दिली जायची, तिच्यासारखीच बाई आता पाटलाच्या घरात जाऊन सुनेला तपासत होती. मी मानाचा शब्द वापरतो तेव्हा मला हे दृश्य दिसतं.

2005 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि 'आशा' जन्माला आली. हजार लोकसंख्येमागे एक. गावातलीच बाई, शक्यतो सून, कारण लेक लग्न होऊन निघून जाते. जामखेडची छाप स्पष्ट आहे. पण माझी तक्रार अशी की सरकारनं त्या प्रयोगातून दोन गोष्टी उचलल्या, 'गावची बाई' आणि 'पगार नाही'. शिकवत राहण्याची चिकाटी तिथंच सोडली. आशा ही कर्मचारी नव्हे, 'स्वयंसेविका'. तिला वेतन नाही, कामागणिक मोबदला. दवाखान्यात बाळंतपण घडवून आणलं की ग्रामीण भागात 600 रुपये, नवजात बाळाच्या घरी ठरलेल्या भेटी पूर्ण केल्या की 250, असं. उपयोग झाला नाही असं कोण म्हणेल? राज्यात दवाखान्यातल्या बाळंतपणांचं प्रमाण 2005-06 ला 64.6 टक्के होतं, 2019-21 च्या पाहणीत ते 94.7 टक्के झालं. सुईणीचं युग संपलं, ते आशाताईंच्या चपला झिजल्या म्हणून. रस्ते, गाड्या, योजनेचे पैसे हे होतंच. पण रात्री दोनला बाईबरोबर गाडीत बसायला कुणीतरी लागतं.

कांट म्हणतो की ज्याला किंमत असते त्याच्या जागी तेवढ्याच किमतीचं दुसरं काही ठेवता येतं. ज्याची अशी अदलाबदल होत नाही त्याला प्रतिष्ठा असते. उत्तम. पण प्रतिष्ठा आहे म्हणून पैसे देऊ नका, असं कांटनं कुठंही म्हटलेलं नाही. ते आपल्या वित्त विभागानं जोडलं. 2022 च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशांचा गौरव केला. 2023 च्या ऑक्टोबरात आणि पुन्हा 2024 च्या जानेवारीत त्याच आशा महाराष्ट्रात संपावर होत्या, आझाद मैदानात बसल्या होत्या. मार्च 2024 मध्ये राज्यानं 5,000 रुपयांची वाढ मान्य केली. तीही मानधनात. न्यायालयांचंही तसंच. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अंगणवाडी सेविकेचं पद हे नागरी सेवेचं पद नाही असं सांगितलं. 2022 मध्ये त्याच न्यायालयानं त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क दिला. सोळा वर्षांत काम तेच होतं, बाया त्याच होत्या.

आणि कंत्राटी. अभियानातली परिचारिका, तंत्रज्ञ, औषधनिर्माता, समुदाय आरोग्य अधिकारी अकरा-अकरा महिन्यांच्या आदेशावर दहा-पंधरा वर्षं काढतात. मघाशी म्हटलं ते उलटं हेच : बाळंतपण, साखरेचा आजार, रक्तदाब कायमचे, आणि नोकरी तात्पुरती. कायम पदांची भरती निघते तेव्हा काय होतं? 2021 ची आरोग्य भरतीची पेपरफुटी आपल्याला माहीत आहे. तपासाचे धागे आपल्या जिल्ह्यापर्यंत आले. मला चोरांपेक्षा ती पोरं आठवतात, जी गेवराईहून एसटीनं परीक्षेला गेली आणि अभ्यास करून नापास ठरली.

आता शेवटचं, आणि मला सगळ्यात अस्वस्थ करणारं. आपला जिल्हा ऊसतोडीचा. दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात, उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधी घेतलेली. एक दिवस काम चुकलं तर खाडा, म्हणजे पैसे कापले. पाळीच्या दिवसांतसुद्धा सुटी नाही. 2019 मध्ये विधान परिषदेत सांगितलं गेलं की तीन वर्षांत बीड जिल्ह्यातल्या 99 खासगी रुग्णालयांत गर्भाशय काढण्याच्या 4,605 शस्त्रक्रिया झाल्या. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या बातम्यांत डॉक्टरांच्या लोभाची चर्चा झाली, व्हायलाच हवी. पण अंगावरून जातंय, पोट दुखतंय म्हणून बाई निघाली तर तिला वाटेत सरकारी स्त्रीरोगतज्ज्ञ कुठं भेटणार होता? रिक्त पद हा कागदावरचा आकडा नसतो. त्या पदाच्या जागी दुसरं कुणीतरी बसलेलं असतं आणि ते फी घेत असतं.

आशाची रचना बघा आता. हजार लोकसंख्येमागे एक, म्हणजे गाव जागेवर आहे असं गृहीत धरलंय. आमच्याकडे तांडे आणि वस्त्या सहा-सहा महिने रिकाम्या असतात. आशा श्रावणात बाईची नोंद करते, गोळ्या देते, कार्ड भरते. कार्तिकात बाई सातव्या महिन्याची असताना टोळीबरोबर सांगलीकडे किंवा कर्नाटकात जाते. बाळंत होते फडावर, नाहीतर कारखान्याजवळच्या दवाखान्यात. तिथल्या आशाच्या यादीत ती नाही, कारण ती त्या गावची सून नाही. इथल्या आशाला बाळंतपणाचा मोबदला नाही, कारण ते तिनं घडवून आणलं नाही. तरी ती फोन करते. स्वतःच्या रिचार्जवर, मुकादमाच्या नंबरवर, "ताईला शेवटचं इंजेक्शन दिलं का" असं विचारायला. मला हे एका आशाताईंनीच सांगितलं. मी विचारलं, याची नोंद कुठं करता? त्यांनी रजिस्टर उघडून दाखवलं. त्या बाईच्या नावापुढे 'स्थलांतरित' एवढंच लिहिलं होतं. फोनासाठी रकाना नव्हता.

थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.