यूट्यूब-डीएलवरील नोटीस

२३ ऑक्टोबर २०२० रोजी अमेरिकेतील ध्वनिमुद्रण कंपन्यांची संघटना असलेल्या आरआयएएने गिटहबला एक नोटीस पाठवली, आणि ‘यूट्यूब-डीएल’ या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचे मूळ भांडार, त्याच्या सतरा प्रतींसह, तेथून हटवण्यात आले. गिटहब म्हणजे जगभरातील प्रोग्रामर आपला कोड जेथे ठेवतात, परस्परांचा तपासतात आणि सुधारतात ते मायक्रोसॉफ्टच्या मालकीचे संकेतस्थळ. हटवलेल्या भांडारात एकही गाणे किंवा चित्रफीत नव्हती. होता तो निव्वळ पायथन भाषेत लिहिलेला कोड.

हा कोड रिकार्डो गार्सिया या प्रोग्रामरने २००६ मध्ये लिहायला घेतला, तो घरच्या डायल-अप जोडणीवर व्हिडिओ अडखळत पाहण्याऐवजी एकदाच उतरवून घेता यावा, एवढ्या साध्या गरजेतून. पुढे त्याची देखभाल स्वयंसेवकांनी हाती घेतली आणि यूट्यूबखेरीज इतर शेकडो संकेतस्थळांवरील व्हिडिओ उतरवण्याची सोय त्यात झाली. केव्हाही नाहीसे होऊ शकणारे चित्रण पुरावा म्हणून जपून ठेवू पाहणारे पत्रकार, मानवाधिकारांचे कार्यकर्ते आणि डिजिटल दस्तऐवजांचे संग्राहक यांच्या कामात हे साधन रुळले होते. त्यामुळे ते केवळ गाणी फुकट मिळवण्यासाठीच आहे, हे म्हणणे पहिल्यापासूनच अपुरे होते.

नोटिशीचे वेगळेपण समजण्यासाठी १९९८ च्या अमेरिकी डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायद्याची दोन कलमे अलग ठेवून पाहावी लागतात. कलम ५१२ नुसार हक्कधारक कळवतो की अमुक ठिकाणी आपल्या कृतीची अनधिकृत प्रत आहे, सेवादाता ती काढतो, आणि ज्याची सामग्री काढली गेली त्याला प्रतिनोटीस देऊन ती परत मिळवण्याचा मार्ग खुला राहतो. कलम १२०१ मात्र प्रतीविषयी नाही, कुलपाविषयी आहे: कृतीच्या संरक्षणासाठी बसवलेला तांत्रिक अडसर भेदणे, तसेच मुख्यतः त्यासाठीच घडवलेले साधन पुरवणे, हाच तेथे गुन्हा ठरतो, आणि प्रतिनोटिशीची तरतूद तेथे नाही. आरआयएएने आधार घेतला तो या दुसऱ्या कलमाचा. या कलमाची धार पूर्वीही दिसली होती. डीव्हीडीचे संकेतन उलगडणारा ‘डीसीएसएस’ हा प्रोग्राम १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा न्यूयॉर्कच्या न्यायालयाने २००० साली ‘२६००’ या नियतकालिकाला तो आपल्या संकेतस्थळावर ठेवण्यास आणि त्याचा दुवा देण्यासही मनाई केली, तर नॉर्वेच्या न्यायालयांनी २००३ मध्ये त्याच प्रोग्रामच्या प्रकरणातील तरुण प्रोग्रामर योन लेक योहान्सन याला निर्दोष ठरवले. भारताने २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात घातलेले कलम ६५-अ अधिक सुज्ञ म्हणावे लागेल, कारण त्यात अडसर भेदणाऱ्याचा हेतू हक्कभंगाचा असणे आवश्यक मानले आहे.

आरआयएएच्या मते यूट्यूबचा अडसर म्हणजे त्याचे ‘फिरते संकेतन’, आणि त्यासाठी तिने हाम्बुर्गच्या न्यायालयाच्या २०१७ च्या निर्णयाचा हवाला दिला. प्रत्यक्षात घडते ते असे: काही व्हिडिओंच्या पत्त्यासोबत अक्षरांची एक विस्कटलेली ओळ येते आणि ती नीट लावण्याची कृती, म्हणजे कोणती अक्षरे गाळायची, कोणती उलटायची, कोणती अदलाबदल करायची हे सांगणारा छोटा जावास्क्रिप्ट प्रोग्राम, यूट्यूब स्वतःच प्रत्येक प्रेक्षकाच्या ब्राउझरकडे पाठवते. यूट्यूब-डीएल तोच प्रोग्राम वाचते आणि ब्राउझरप्रमाणेच त्याबरहुकूम वागते. चोरलेला पासवर्ड किंवा गुप्त किल्ली त्यात कोठेही नाही. आरआयएएच्या हाती लागलेला खरा पुरावा वेगळाच होता. प्रोग्राम नीट चालतो की नाही हे तपासण्यासाठी कोडमध्ये जे नमुना-पत्ते दिले होते, त्यांत टेलर स्विफ्ट, जस्टिन टिंबरलेक आणि आयकोना पॉप यांची गाणी होती. चाचणीत त्यांचा काही सेकंदांचाच भाग घेतला जात असला, तरी ही निवड बेसावधपणाची होती आणि तिने तक्रारदारांच्या हाती आयते कोलीत दिले.

बंदीनंतर कोडच्या प्रती ठिकठिकाणी उगवल्या; काहींनी तर गिटहबच्याच नोटिशींच्या जाहीर भांडारातून तो मिळेल अशी व्यवस्था केली. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या नागरी हक्क संघटनेच्या वकिलांनी कोडच्या कार्यपद्धतीचे सविस्तर स्पष्टीकरण देणारे पत्र लिहिले, वादग्रस्त चाचण्या काढून टाकण्यात आल्या, आणि १६ नोव्हेंबर २०२० रोजी गिटहबने भांडार पूर्ववत केले. सोबतच प्रोग्रामरांच्या कायदेशीर बचावासाठी १० लाख डॉलरचा निधी आणि कलम १२०१ खालील प्रत्येक तक्रारीची तांत्रिक व कायदेशीर छाननी गिटहबने जाहीर केली. ही पावले स्वागतार्ह होती, परंतु ती एका कंपनीच्या सदिच्छेतून आली. कायद्याचे कलम जसेच्या तसे राहिले.

न्यायालयांत तर वारे उलट दिशेनेच वाहिले. व्हिडिओतून ध्वनी वेगळा करून देणाऱ्या ‘याउट’ या सेवेने आरआयएएविरुद्ध दावा केला होता. कनेक्टिकटच्या संघीय न्यायालयाने तो २०२२ मध्ये फेटाळला. यूट्यूब-डीएलच्या माहितीपानाला जागा देणाऱ्या ‘उबरस्पेस’ या छोट्या जर्मन कंपनीवर सोनी, वॉर्नर आणि युनिव्हर्सल या तिन्ही बड्या कंपन्यांनी खटला भरला आणि हाम्बुर्गच्या न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला. सॉफ्टवेअर त्या पानावर नव्हतेच, गिटहबकडे जाणारा दुवा होता. तरीही निकालानंतर ते पान बंद करावे लागले, आणि दुव्यापलीकडचे भांडार गिटहबवर आजही कोणालाही उघडता येते.